बाल्कनी सजवा, पण भार ओळखून

शहरातील सदनिकांना अंगण उरले नाही. त्याची जागा बाल्कनीने घेतली. चार फूट रुंद व आठ फूट लांब अशा जागेतही निवांत चहा घेता यावा, मोगऱ्याचा गंध दरवळावा, ही अपेक्षा रास्तच आहे. मात्र सजावटीपूर्वी बाल्कनीची ताकद जाणून घ्यायला हवी.

बहुतेक बाल्कन्यांचा स्लॅब भिंतीतून बाहेर काढलेला असतो; त्याला पुढील बाजूस आधार नसतो. भारतीय मानक ८७५ (भाग २, १९८७) नुसार निवासी इमारतीतील बाल्कनीसाठी दर चौरस मीटरला किमान ३ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ३०० किलो भार गृहीत धरतात. वरील बाल्कनीसाठी तो सुमारे ९०० किलो होतो; त्यात माणसे व फर्निचरही आले. एक घनफूट ओली माती साधारण ५० किलो भरते. संपूर्ण बाल्कनीत फूटभर मातीचा वाफा केल्यास वजन १६०० किलोंच्या घरात जाईल.

म्हणून लादीवर माती पसरू नये. प्लास्टिकच्या कुंड्यांत कोकोपीट व कंपोस्टचे हलके मिश्रण वापरावे. जड कुंड्या भिंतीलगत ठेवाव्यात. भरपूर ऊन असल्यास मोगरा, तुळस. सावली असल्यास मनी प्लांट, नेचे लावावेत. बसायला घडीच्या खुर्च्या पुरेशा आहेत. मुले चढू नयेत म्हणून त्या कठड्यापासून दूर असाव्यात. पावसाळ्यात पाणी वाहून जाण्याची जाळी मोकळी ठेवावी. स्लॅबला तडे वा गंजाचे डाग दिसल्यास कुंड्या त्वरित हलवून स्ट्रक्चरल इंजिनीअरचा सल्ला घ्यावा.