रिकामा गाभारा आणि एक झोपाळा

खूप दिवसांनी लिहितेय. हंपीचे फोटो केव्हाच सगळ्यांना पाठवून झाले. पण एक गोष्ट फोटोत मावण्यासारखी नव्हती, म्हणून हा खटाटोप.

हंपीला जायचं म्हटल्यावर आई चटकन तयार झाली. "रथबिथ तू बघ," म्हणाली, "मला विठोबाची जागा बघायचीय." आमच्या घरात ही गोष्ट पिढ्यानपिढ्या चालत आलेली. कृष्णदेवरायाने पंढरपूरची मूर्ती विजयनगरला नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास महाराज यांनी ती परत आणली. आईने गुडघे साथ देत होते तोवर वारी केली. आता ते सुटलंय.

तुंगभद्रेच्या काठी, गोलमटोल शिळांच्या डोंगरांत १३३६ च्या सुमारास हे राज्य उभं राहिलं. १५२० च्या आसपास दोमिंगो पाइश नावाचा पोर्तुगीज इथे आला, तेव्हा त्याला हे शहर रोमएवढं मोठं वाटलं होतं. १५६५ च्या जानेवारीत तालीकोटच्या लढाईत रामराय मारला गेला. दरबार पेनुकोंड्याला पळाला, शहर लुटलं गेलं आणि पुन्हा कधी पूर्वीसारखं वसलं नाही.

विठ्ठल मंदिरापर्यंत बॅटरीवरची गाडी नेते. वाटेत दोन्ही बाजूंना जुन्या बाजाराचे दगडी खांब, ओळीने, पार शेवटपर्यंत. आत गेल्यावर पन्नासच्या नोटेवरचा तो दगडी रथ. खरं तर ते गरुडाचं देऊळ आहे. त्याच्यावर पूर्वी विटांचं शिखर होतं. ग्रीनलॉ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८५६ साली काढलेल्या फोटोत ते दिसतं. आता नाही.

आणि गाभारा रिकामा.

हे मला माहीत होतं, आईलाही माहीत होतं. तरी ती उंबऱ्याशी बराच वेळ उभी राहिली. गाभाऱ्याभोवती पायऱ्या उतरून अंधारी प्रदक्षिणेची वाट आहे. तिथे तिला जमेना, म्हणून मी एकटीच जाऊन आले. येऊन बघते तर तिने पर्समधून बुक्क्याची पुडी काढली होती. लावायला समोर कुणी नव्हतं. मग तिने स्वतःच्या कपाळाला लावला आणि उरलेला माझ्या.

आता माझी अडचण सांगते. जायच्या आधी मी थोडं वाचलं होतं. या देवळासाठी १५५४ साली उय्याले मंडप बांधला गेला. उय्याले म्हणजे झोपाळा, देवाला झुलवण्यासाठी. कृष्णदेवराय वारला १५२९ मध्ये. म्हणजे तो गेल्यावर पंचवीस वर्षांनीसुद्धा इथे देव होता, त्याची पूजा होत होती, त्याच्यासाठी नवं बांधकाम चालू होतं. मूर्ती पंढरपूरला परत गेली असेल, तर हा झोपाळा कुणासाठी?

हे आईला सांगावं की नाही, हेच कळेना. बुक्का लावून घेतलेल्या कपाळाने सनावळ्या कशा सांगायच्या!

संध्याकाळी रिक्षाने विरूपाक्षाच्या देवळात गेलो. तेच शहर, तेच १५६५, पण इथे आजही पूजा चालू आहे. खेड्यापाड्यांतून आलेली माणसं, नारळ, रडणारी पोरं, पायऱ्यांवर सोडलेले डबे. असं का झालं असेल? मला वाटतं ते असं : विठ्ठल मंदिर वाढलं ते राजा, राण्या आणि सरदारांच्या दानांवर. दरबार उठला आणि ते दानही थांबलं. विरूपाक्ष मात्र साम्राज्याच्या आधीपासूनचा, पंपेचा नवरा. त्याच्या लग्नाला माणसं दर चैत्रात येतच राहिली.

समोरच्या बाजाराच्या दगडी ओवऱ्यांत काही वर्षांपूर्वीपर्यंत माणसं राहत होती, दुकानं होती. २०११ मध्ये त्यांना उठवलं. वारसा जपायचा तर ओवऱ्या मोकळ्या हव्यात, हे कळतं. पण आता ही ओळसुद्धा दुपारच्या त्या ओळीसारखी दिसायला लागलीय.

तिथेच पायरीवर बसून शेवटी आईला झोपाळ्याचं सांगितलं. मला वाटलं, रागावेल किंवा गप्प बसेल.

"असेलही," ती म्हणाली. "दुसरी मूर्ती असेल. कदाचित आपली आलीच नसेल इथे." मग थोड्या वेळाने, "पण राजाने देव नेला आणि आपली माणसं घरी स्वस्थ बसली, असं कुणी सांगितलं ना, तर ते मात्र मला पटायचं नाही."

यावर माझ्याकडे सनावळी नव्हती. आणि खरं सांगू का, मला नकोही होती. भानुदास महाराजांनी मूर्ती आणली की नाही, यावर वाद घालता येईल. पण ती गोष्ट मात्र माणसांनी पंढरपूरच्या वाटेवर चालत चालत आपल्यापर्यंत आणली, एवढं खरं.

असो. बुक्क्याची पुडी आता माझ्या पर्समध्ये आहे. या आषाढीला आई टीव्हीवर पालखी बघणार, मी निदान दिवे घाट तरी चढून यावा म्हणतेय. तुमच्या घरी ही गोष्ट कशी सांगतात?