गिरणीमालक संघातून राजभवनात : सर होमी मोदी यांची कारकीर्द

उत्तर प्रदेशाच्या राज्यपालांची नामावली पाहू लागल्यास, मधला एक हंगामी काळ सोडून, पहिल्या तीन नावांतच एक मौज आढळते. पहिले नाव कवयित्री सरोजिनी नायडू यांचे, तिसरे कादंबरीकार कन्हैयालाल मुनशी यांचे. आणि या दोन साहित्यिकांच्या मध्ये, २ मे १९४९ पासून १ जून १९५२ पर्यंत, लखनौच्या राजभवनात राहिले ते मुंबईच्या गिरणीमालकांचे एके काळचे पुढारी सर होमी मोदी. लखनौचे नाव निघाले की मराठी माणसाला पंडित भातखंड्यांचे संगीत महाविद्यालय आठवते. मोदींचे नाव सहसा कोणाला आठवत नाही. पण आपल्यापैकी ज्या कुटुंबांचे आजोबा-पणजोबा कोकणातून किंवा घाटावरून येऊन परळ-लालबागच्या गिरण्यांत राबले, त्यांच्या घरी हे नाव एके काळी चांगलेच परिचित होते, आणि ते आदराने घेतले जात नसे. म्हणूनच या गृहस्थांच्या कारकिर्दीकडे थोडे निवांतपणे पाहावे असे वाटते.

होरमसजी पेरोशा मोदी यांचा जन्म २३ सप्टेंबर १८८१ रोजी मुंबईत झाला. सेंट झेवियर महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर त्यांनी वकिली केली, १९१३ मध्ये मुंबई महापालिकेत प्रवेश केला आणि दहा वर्षांनी तिचे अध्यक्षपद भूषविले. त्यांचे राजकीय दैवत फिरोजशहा मेहता. १९२१ मध्ये मोदींनी त्यांचे दोन खंडांतील इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. मवाळांच्या त्या अध्वर्यूंविषयी आपल्या लोकांचे मत काय होते हे सांगावयास नको. सुरतेच्या काँग्रेसची आठवण मराठी मनातून अजून पुरती गेलेली नाही. फिरोजशहांपासून मोदींनी तीन गोष्टी उचलल्या : सभा जिंकणारे इंग्रजी वक्तृत्व, सनदशीर मार्गावरील श्रद्धा आणि चळवळीविषयीचा अविश्वास. मेजवानीनंतरच्या भाषणात त्यांचा हात धरणारा मुंबईत क्वचितच कोणी होता, असा त्यांचा लौकिक होता.

पुढे वकिली मागे टाकून ते धंद्यात शिरले. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून १९३४ पर्यंत मुंबईच्या गिरणीमालक संघाचे नेतृत्व बव्हंशी त्यांच्याकडे होते, आणि तो काळ गिरणीधंद्याच्या कसोटीचा होता. युद्धकाळातील नफा आटला होता, जपानी कापड स्वस्त भावाने बाजारात उतरत होते, आणि मालकांनी यावर उपाय शोधला तो मजुरीत कपात आणि दर कामगारामागे यंत्रे वाढविण्याचा. याचा परिणाम म्हणजे १९२८ चा सार्वत्रिक संप. एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगार गिरणीबाहेर होते. त्यांतील फार मोठा भाग रत्नागिरी, कुलाबा, सातारा, पुणे या जिल्ह्यांतला. कित्येक जण भाताच्या लावणीला गावी निघून गेले आणि संपाचे दिवस त्यांनी शेतीवर काढले. मुंबईत राहिलेल्यांनी वाण्याच्या उधारीवर काढले. मोदी या लोकांच्या पलीकडच्या बाजूला उभे होते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांच्या बाजूने ना. म. जोशी बोलत आणि मालकांच्या बाजूने मोदी. जोशी गोरेगावचे, कुलाबा जिल्ह्यातले. वृत्तीने तेही मवाळच. एकाच सनदशीर मार्गाने जाणारी ही दोन माणसे एकाच सभागृहात दोन अगदी निराळ्या मुंबयांचे प्रतिनिधित्व करीत होती.

मोदींचे नाव सर्वतोमुखी झाले ते १९३३ च्या कराराने. त्या वर्षी जपानी मालावरील जकात ७५ टक्क्यांपर्यंत गेली होती. उलट जपानी गिरण्यांनी हिंदी कापसावर बहिष्कार घातला होता, आणि त्याची झळ वऱ्हाड-खानदेशच्या कपाशीवाल्यास लागत होती, कारण आपल्या आखूड धाग्याच्या कापसाचे मोठे गिऱ्हाईक जपानच. अशा वेळी लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचे शिष्टमंडळ सर विल्यम क्लेअर-लीज यांच्या नेतृत्वाखाली मुंबईस आले आणि २८ ऑक्टोबर १९३३ रोजी मोदी-लीज करार झाला. हिंदी धंद्यास विलायतेविरुद्धही वाजवी संरक्षण मिळावे हे लँकेशायरने मान्य केले. मुंबईने मान्य केले की इतर देशांच्या मालावर अधिक जकात असावी आणि सरकारी तिजोरीस परवडेल तेव्हा विलायती कापडावरील अधिभार निघावा. हिंदी कापसाचा वापर वाढविण्याचे आश्वासनही मिळाले. अहमदाबादचे गिरणीमालक या करारापासून दूर राहिले. परदेशी कापडाच्या होळ्या अजून लोकांच्या डोळ्यांसमोर होत्या; राष्ट्रीय वृत्तीच्या पत्रांनी मोदींवर आग पाखडली.

आज तो करार वाचताना तो देशद्रोहाचा दस्तऐवज वाटत नाही, पण देशाभिमानाचाही वाटत नाही. दोन शत्रूंपैकी अधिक धोक्याचा कोणता, याचा हिशेब करून दुसऱ्याशी तह करणाऱ्या व्यापाऱ्याचे ते काम आहे. संरक्षणाचे तत्त्व लँकेशायरकडून लेखी कबूल करून घेणे ही लहान गोष्ट नव्हती. परंतु ज्या कामगाराच्या मजुरीला त्या वर्षांत कात्री लागत होती, त्याला त्या तहात कोठेच जागा नव्हती. त्याच वर्षी निघालेल्या मालकांच्या अखिल भारतीय महासंघाचे मोदी पहिले अध्यक्ष झाले, पुढल्या वर्षी टाटांच्या संचालक मंडळावर गेले, आणि १९३५ मध्ये ‘सर’ झाले.

जुलै १९४१ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी आपल्या कार्यकारी मंडळाचा विस्तार केला आणि मोदींकडे पुरवठा खाते दिले. युद्धकाळात या खात्याचे महत्त्व काय असेल याची कल्पना करता येते : तंबूच्या कापडापासून पोलादापर्यंत सर्व काही त्याच्या अखत्यारात. त्याच विस्तारात लोकनायक बापूजी अणे यांच्याकडे परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते आले. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींना आणि काँग्रेसच्या नेत्यांना पकडले गेले तेव्हा हे दोघेही त्या मंडळात होते. लोकांनी त्यांना त्या वेळी काय म्हटले असेल ते सहज समजण्यासारखे आहे.

१० फेब्रुवारी १९४३ रोजी पुण्याच्या आगाखान प्रासादात गांधीजींनी एकवीस दिवसांचा उपवास आरंभिला. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षीचा तो उपवास प्राणावर बेतणार अशी भीती सर्वत्र होती. व्हाइसरॉय मात्र बिनशर्त मुक्ततेस तयार नव्हते. उपवासाच्या आठव्या दिवशी, १७ फेब्रुवारीस, कार्यकारी मंडळातून तीन सभासद बाहेर पडले : मोदी, अणे आणि बंगालचे नलिनीरंजन सरकार. यांतील दोघे धंद्यातले. सरकार विमाव्यवसायातून पुढे आलेले, मोदी टाटांचे. तिसरे यवतमाळचे वकील आणि टिळकांचे निःसीम अनुयायी.

या घटनेवर थोडे थांबावेसे वाटते. मोदींनी इंग्रजीत फिरोजशहांचे चरित्र लिहिले. बापूजींनी उत्तरायुष्यात टिळकांचे चरित्र संस्कृत श्लोकांत रचले, आणि त्या ‘तिलकयशोऽर्णव’ ग्रंथास त्यांच्या पश्चात १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. म्हणजे सुरतेस ज्या दोन पुरुषांमुळे मांडव दुभंगला, त्यांचे हे दोन चरित्रकार छत्तीस वर्षांनी एकाच दिवशी, एकाच कारणासाठी, एकाच मंडळातून उठून गेले. आणि ज्या पुरुषासाठी उठले तो ना मेहतांच्या पंथातला, ना पुरता टिळकांच्या. मोदींचा गांधीजींच्या अर्थकारणावर काडीचा विश्वास नव्हता. सरकारी खुर्चीत राहण्यात त्यांच्या धंद्याचा लाभ होता, सोडण्यात काहीच नव्हता. आयुष्यभर देवाणघेवाणीत मुरलेल्या या माणसाने हा एक सौदा तोट्याचा केला, आणि माझ्या मते पुढचे राज्यपालपद त्याला शोभले ते यामुळे.

स्वातंत्र्य आल्यावर घटना समितीत मोदी होते. अल्पसंख्याकांच्या प्रश्नाचा विचार करणाऱ्या समितीपुढे त्यांनी पारशी समाजास विधिमंडळांत प्रतिनिधित्व असावे असे निवेदन दिले, ते समितीस मान्यही झाले, आणि त्यानंतर पारशांनी ती मागणी आपण होऊन मागे घेतली. मागून मिळाल्यावर परत करणे हा प्रकार आपल्या राजकारणात विरळा.

२ मार्च १९४९ रोजी सरोजिनीबाई लखनौस निवर्तल्या आणि दोन महिन्यांनी मोदी त्या जागी आले. नेमणूक गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या काळातली. तेव्हा पाटण्यास राज्यपाल होते बापूजी अणे. १९४३ च्या राजीनाम्यातले दोन सहकारी गंगेकाठच्या दोन शेजारी प्रांतांत असे पुन्हा शेजारी झाले. मुंबईच्या राजभवनात राजा महाराजसिंह होते, ज्यांची उभी हयात संयुक्त प्रांताच्या कारभारात गेली होती. मुंबईकर लखनौस आणि लखनौकर मुंबईस, अशी ती अदलाबदल.

क्लोद मार्तँच्या नावाशी जोडलेल्या हयातबक्ष कोठीत राहावयास आलेल्या या गृहस्थांना तेथे ठरवावयाचे असे फारसे काही नव्हते. राज्याची सूत्रे गोविंद वल्लभ पंतांच्या हाती, आणि पंत कोणाच्या सल्ल्यावाचून अडणारे नव्हते. २४ जानेवारी १९५० रोजी संयुक्त प्रांताचे ‘उत्तर प्रदेश’ झाले. त्याआधी ‘आर्यावर्त’ असे नाव सुचविले गेले होते. ते टळले हे बरेच झाले, नाहीतर बाकीच्या देशाने स्वतःस काय म्हणवून घ्यावयाचे हा प्रश्नच होता. दोन दिवसांनी प्रजासत्ताक आले. रामपूर, बनारस, टेहरी ही संस्थाने १९४९ मध्येच विलीन झाली होती.

खरी परीक्षा निराळीच होती. ७ जुलै १९४९ रोजी, म्हणजे मोदी येऊन दोन महिनेच झाले असता, जमीनदारी नष्ट करण्याचे विधेयक विधानसभेत मांडले गेले. अवधच्या तालुकदारांच्या लखनौत याचा अर्थ काय, हे त्या शहरात राहिलेल्या कोणासही कळेल. खंडाच्या दहापट रक्कम एकदम भरणाऱ्या कुळास भूमिधर करावयाचे आणि त्याचा सारा निम्मा करावयाचा. जमीनदारास निव्वळ उत्पन्नाच्या आठपट भरपाई द्यावयाची, अशी ती योजना. खासगी मालकीचे आयुष्यभर समर्थन केलेल्या माणसाच्या नावाने चालणारे सरकार देशातल्या एका सर्वांत मोठ्या मालकवर्गाचा हक्क काढून घेत होते. जानेवारी १९५१ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते संमत केले, राज्यपालांकडून ते राष्ट्रपतींकडे गेले, आणि २४ जानेवारीस त्यावर संमतीची मोहोर उठली. शेजारी बिहारमध्ये पाटण्याच्या उच्च न्यायालयाने तेथील कायदा मार्चमध्ये रद्द ठरविला. अलाहाबादने मात्र मे महिन्यात आपला कायदा उचलून धरला. आणि जूनमधील पहिल्या घटनादुरुस्तीने दोन्ही कायद्यांना नवव्या परिशिष्टाचे कवच मिळाले.

जमीनदारांच्या बाजूचा राज्यपाल म्हणून मोदींचे नाव या सबंध प्रकरणात कोठे येत नाही. काही जण म्हणतील, त्यांना अधिकारच नव्हता. खरे आहे, पण अधिकार नसलेल्या राज्यपालांनीही मंत्रिमंडळाची वाट अवघड केल्याची उदाहरणे आपल्या देशाने पुढे पुष्कळ पाहिली. मालकांची वकिली करणाऱ्या मोदींनी लखनौस ती वकिली बाजूला ठेवली. प्रत्यक्षात हा कायदा अमलात आला १ जुलै १९५२ रोजी, मोदींनी राजभवन सोडल्यानंतर बरोबर एका महिन्याने.

मुंबईस परतल्यावर त्यांची वाणी पुन्हा मोकळी झाली. टाटांच्या संचालक मंडळावर ते १९५९ पर्यंत होते, सेंट्रल बँकेचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते, आणि राजाजींनी स्वतंत्र पक्ष काढला तेव्हा मोदींचा कौल त्याच बाजूने पडला. थोरले चिरंजीव रुसी टाटांच्या पोलाद कारखान्यात पुढे अध्यक्षपदापर्यंत पोचले. धाकटे पिलू वास्तुशास्त्रज्ञ असूनही राजकारणात गेले, १९६७ आणि १९७१ मध्ये गोध्र्याहून लोकसभेवर निवडून आले, आणि विरोधी बाकांवरील त्यांच्या विनोदाने वडिलांच्या वक्तृत्वाची आठवण जुन्या मंडळींना करून दिली. बापूजी अणे २६ जानेवारी १९६८ रोजी गेले. त्यानंतर वर्षभराने, ९ मार्च १९६९ रोजी, होमी मोदींनी मुंबईस देह ठेवला. त्याच वर्षी १९ जुलैला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यांत सेंट्रल बँकही होती.