जॅक्सनवधाचे पिस्तूल किती झिजलेले दिसावे?

भडगावच्या रंगमंचावर नाशिकचा १९०९ चा प्रसंग उभा करायचा, तर नकली पिस्तुलावर गंज चढवण्याचा मोह आवरलेला बरा. गंजकी नळी पाहून प्रेक्षकाला शस्त्र कुणाच्या माळ्यावर सापडल्यासारखे वाटते. कटाचा युरोपशी असलेला धागाच त्यात हरवतो.

२१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात, ‘शारदा’च्या प्रयोगावेळी, अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सनवर ब्राउनिंग पिस्तूल झाडले. सावरकरांनी इंग्लंडहून धाडलेली वीस ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यातून त्याच वर्षाच्या आरंभी मुंबईस पोहोचली होती. मधे गेला तो जेमतेम एक पावसाळा.

कमरेच्या चामडी पाकिटात रोज सरकणाऱ्या पिस्तुलाच्या नळीचे टोक आणि कडा उघड्या पडतात. हे तर लपवून ठेवलेले शस्त्र. म्हणून प्रतिकृतीचा रंग निळसर काळाच ठेवावा. पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने फक्त कडांवर घासावी. घामट हात लागतो त्या मुठीलगत दोन-तीन बारीक तांबूस ठिपके पुरेत. संग्रहालयातील काळवंडलेल्या शस्त्रांवर पुढच्या शंभर वर्षांचाही थर असतो. तो या पिस्तुलावर आणू नये.