इंचाचा पाना

इतिहास वाचण्याची साधने अनेक आहेत. कोणी ताम्रपट वाचतो, कोणी दफ्तरे चाळतो. आम्हां तिघांना मात्र गेल्या हिवाळ्यात तो पान्याने वाचावा लागला. आम्ही तिघे म्हणजे केंद्र सरकारच्या नोकरीपायी सिलिगुडीस येऊन पडलेले मराठी कारकून. तराईतल्या एका चहामळ्यात पडून असलेली १९५७ सालची लँड रोव्हर आम्ही शिलकीतले पैसे एकत्र करून विकत घेतली. घरच्या मंडळींनी या व्यवहारास जे नाव दिले, ते येथे छापण्याजोगे नाही.

गाडी दोराने ओढून मिस्त्रीच्या आवारात आणली. त्याने ती चारी बाजूंनी पाहिली आणि एकच सल्ला दिला : जुने पेट्रोल इंजिन काढून टाका, डिझेल बसवा. सल्ला हिशेबाचा होता. परंतु गाडी घेतल्यावर आमच्यापाशी जी रक्कम उरली होती, तीत एकच मोठे काम होण्यासारखे होते. एक तर इंजिन बदलावे, नाही तर सांगाडा आणि ब्रेक दुरुस्त करावेत. निर्णय करण्यापूर्वी गाडी उघडून तर पाहू, असे आम्ही ठरविले.

पहिल्याच नटापाशी आम्ही अडलो. आमच्या नव्या संचातले सगळे पाने मिलिमीटरचे. एक सैल पडे, दुसरा शिरतच नसे. सैल पान्याने जोर करावा तर नटाचे कोपरे झिजू लागले. तेव्हा मिस्त्रीने पेटीच्या तळातून एक काळवंडलेला पाना काढला आणि तो नटावर बेमालूम बसला. या जातीच्या पान्यावर कोरलेला आकडा पान्याच्या तोंडाची रुंदी सांगत नाही, बोल्टाच्या दांड्याची जाडी सांगतो, हे ज्ञान आम्हांस त्या दिवशी झाले.

या पान्याची वंशावळ जुनी आहे. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रकाराने स्क्रूच्या आट्यांचे एक प्रमाण सुचविले व त्यांचा कोन ५५ अंश ठरविला. त्यापूर्वी ज्या कारखान्याचा बोल्ट त्याच कारखान्याचा नट, असा कारभार होता. व्हिटवर्थच्या आणि त्याच कोनाच्या बारीक आट्यांवर ब्रिटिश यंत्रे पुढे कित्येक दशके जुळविली गेली. आमच्या गाडीचे बहुतेक बोल्ट त्याच घराण्यातले. गंमत अशी की, ज्या वर्षी ही इंचांची गाडी तयार झाली, त्याच वर्षी १ एप्रिल रोजी आपल्या देशात नया पैसा चलनात आला. आणि १९५६ च्या कायद्याने मेट्रिक वजने-मापेही टप्प्याटप्प्याने येऊ लागली. म्हणजे ही बाई ज्या घरात नांदावयास आली, त्या घराने तिची भाषा सोडण्याचा निश्चय आधीच केलेला होता !

पत्रे उतरविले तेव्हा दुसरे प्रकरण उघडले. अंगावरचे पत्रे साठाहून अधिक पावसाळे खाऊनही बरेचसे शाबूत होते. खालचा पोलादी सांगाडा मात्र दोन ठिकाणी बोटाने टोकरावा इतका गंजला होता. जेथे पत्रा पोलादास टेकत होता, तेथे पांढरी भुकटी धरली होती. दोन भिन्न धातू ओलाव्यात एकमेकांस टेकले की त्यांत ॲल्युमिनियम झिजते, त्याची ती खूण.

गाडीचे अंग ॲल्युमिनियमचे का, या प्रश्नाचे उत्तर १९४७ च्या इंग्लंडात आहे. महायुद्ध जिंकलेला तो देश तेव्हा रेशनवर जगत होता. पोलादावर नियंत्रण होते व निर्यात करील त्या कारखान्यास ते आधी मिळे. रोव्हर कंपनीचा व्यवसाय सुखवस्तू लोकांच्या मोटारींचा. त्यांना परदेशी गिऱ्हाईक थोडे. कंपनीचे मुख्य अभियंता मॉरिस विल्क्स यांच्या वेल्समधील अँगलसी बेटावरच्या शेतात लष्कराने मोडीत काढलेली एक अमेरिकन जीप होती. ती झिजल्यावर पुढे काय, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता, कारण तशा कामाचे ब्रिटिश वाहनच नव्हते. त्यांचे बंधू स्पेन्सर कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक. दोघांनी मिळून शेतकऱ्याच्या उपयोगाची आणि परदेशी खपेल अशी गाडी करावयाचे ठरविले. पहिला नमुना जीपच्याच सांगाड्यावर उभारला गेला.

पोलाद दुर्मिळ, म्हणून अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे. पत्रे दाबून वळविण्याच्या महागड्या साच्यांना पैसा नाही, म्हणून बहुतेक पत्रे सपाट. सांगाड्याच्या तुळयासुद्धा पोलादी पट्ट्या कडेला कडा सांधून पेटीसारख्या केलेल्या. पहिल्या गाड्यांचा फिकट हिरवा रंगदेखील लष्करी विमानांसाठी केलेल्या रंगाच्या शिल्लक साठ्यातला. ३० एप्रिल १९४८ रोजी ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ही गाडी जगापुढे आली. दोनतीन वर्षे वेळ निभावून नेण्यापुरती योजलेली ही वस्तू; तिचा वंश २९ जानेवारी २०१६ पर्यंत सॉलिहलच्या कारखान्यात चालला आणि वीस लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. टंचाईने जे जे करावयास लावले, त्यानेच ती टिकाऊ झाली. सपाट पत्रा खेडेगावचा लोहारही ठोकून सरळ करतो, आणि पट्ट्यांचा सांगाडा पट्टी लावूनच सांधता येतो. आमच्या मिस्त्रीने तो तसाच सांधला.

तो सांधण्याचा निर्णय मात्र सहज झाला नाही. आमच्यापैकी एकाचा ओढा इंजिनाकडे होता. पेट्रोलचा खर्च कारकुनास झेपणारा नाही, हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते. अखेर ब्रेकने निकाल दिला. मिस्त्रीने पेडल दाबून दाखविले. ते थेट तळाशी गेले. या गाडीत चारी चाकांच्या ब्रेकना तेल पुरविणारा मार्ग एकच. एका ठिकाणी गळती झाली की चारी ब्रेक गेले. हाताचा ब्रेक चाकांना धरीतच नाही, गियरपेटीच्या मागे दांड्यावरच्या ढोलाला धरतो. सिलिंडरांतली रबरे दगडासारखी झाली होती. मिस्त्री म्हणाला, "दादा, इंजिन बंद पडले तर तुम्ही रस्त्यात राहाल. हे बंद पडले तर राहणारच नाही." ज्या गाडीतून मुलाबाळांना घाट चढवावयाचे, तिच्याविषयी यापुढे वाद उरला नाही.

दार्जिलिंग जिल्ह्यातील मानेभंजन गावाने हा धडा आमच्या कितीतरी आधी गिरविला आहे. तेथून ३,६३६ मीटर उंचीच्या संदकफूपर्यंत जाणाऱ्या खडकाळ वाटेवर चहामळ्यांच्या काळातल्या लँड रोव्हर अनेक दशके उतारू वाहत होत्या. अलीकडे नव्या भारतीय गाड्यांनी त्यांची जागा बरीच घेतली. त्या जुन्या गाड्यांपैकी कित्येकींची इंजिने बदललेली. तरी त्या लँड रोव्हरच. तेव्हा मूळ भागांचा हट्ट आम्हीही धरीत नाही. इंजिन पुढेमागे बदलेल, परिवहन कचेरीची परवानगीही काढू. आधी थांबणे शिकावे, मग धावणे, एवढाच क्रम आम्ही राखला.

गेल्या रविवारी आम्ही सुकन्यापुढच्या चढावर गाडी नेली आणि उतारावर चार वेळा थांबवून पाहिली. ती चारही वेळा थांबली. परतताना मिस्त्रीकडे तो काळवंडलेला पाना विकत मागितला, तर त्याने नकार दिला. म्हणून जुन्या बाजारात हिंडून आम्ही इंचांच्या पान्यांचा एक संच जमविला आहे. आज ना उद्या आमच्या बदल्या होतील, आणि सरकारी माणसाला एवढे मोठे बिऱ्हाड हलविता येत नाही. गाडी येथेच कोणाच्या तरी हाती जाईल. तिच्याबरोबर पानेही द्यावयाचे, असे आम्हां तिघांचे ठरले आहे.