हृदयझडपेच्या शस्त्रक्रियेपूर्वीचा धूम्रपानत्याग

हृदयाच्या झडपेची दुरुस्ती किंवा प्रत्यारोपण करण्यापूर्वी रुग्णाने बिडी-सिगारेट कायमची थांबवणे, यास शस्त्रक्रियापूर्व धूम्रपानत्याग म्हणतात. रक्तातील कार्बन मोनॉक्साइड साधारण एका दिवसात बराच ओसरतो. फुप्फुसांतील कफ बाहेर टाकणारी यंत्रणा सावरण्यास मात्र अनेक आठवडे लागतात. छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर खोकणे वेदनादायक असल्याने कफ साचून न्यूमोनियाचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेनुसार किमान ४ आठवडे आधी धूम्रपान सोडल्यास गुंतागुंत कमी होते. तथापि तारीख जवळ आल्यावर सोडून उपयोग नाही, हा समज चुकीचा आहे. धूम्रपानाऐवजी मशेरी वा तंबाखू घेतल्यास निकोटिनचे व्यसन कायम राहते. भारतात १८००-११-२३५६ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर समुपदेशन मिळते. निकोटिनयुक्त च्युइंगगम किंवा पट्टी वापरण्यापूर्वी हृदयशल्यचिकित्सकाचा सल्ला घेतला जातो.