तालमीचा रिवाज आणि त्याचे टीकाकार

तालमीतल्या रिवाजांविषयी एक मत सुशिक्षितांमध्ये आता जवळपास सिद्धान्त म्हणून वावरते. कुस्तीच्या हौदात उतरताना माती कपाळाला लावणे, वस्तादांच्या पाया पडणे, नव्या पोराने माती उकरणे, हे सारे म्हणे सरंजामी काळाचे अवशेष. त्यांतून आज्ञाधारकपणा शिकवला जातो, कुस्ती नव्हे. आणि पदके तर मॅटवर मिळतात. हे म्हणणारे कुस्तीचे वैरी नाहीत. वस्तादाच्या धाकाने मुकाट मार खाणारी पोरे पाहून त्यांना संताप येतो, आणि तो संताप रास्तच आहे. निष्कर्ष मात्र चुकला आहे.

आधी माती घेऊ. कोल्हापूरकडच्या तालमींत तांबडी माती चाळून तीत ताक, तेल, लिंबू, हळद, कापूर मिसळतात. रोजच्या लढतींनी ती दबते, घट्ट होते. अशा मातीवर ढाकेचा डाव बसला की खांदा निखळायला वेळ लागत नाही. म्हणून ती रोज उकरायची. उकरता उकरता खडा सापडतो, ढेकूळ फुटते, आणि उकरणाऱ्याचे खांदे-कंबर लढतीआधीच तापतात. मग पोराच्या हाती खोरे देणे ही वेठबिगारी म्हणायची की पहिला धडा? ज्या मातीवर आज जोडीदाराला आपटायचे, ती आपल्या हातांनी मऊ करायची. याहून सरळ शिकवण मला ठाऊक नाही.

दुसरा आक्षेप आज्ञाधारकपणाचा. कुस्तीच्या सरावात माणूस आपली मान आणि गुडघा दुसऱ्याच्या हाती देतो. खालच्याने थांब म्हणताच डाव सुटेल, ही खात्री नसेल तर पूर्ण ताकदीने लढणार कोण? लढतीआधीची सलामी ही त्या खात्रीची उघड कबुली आहे. शिवाय रिवाज एकट्या धाकट्याला बांधत नाही. थोरल्या पैलवानाने कोवळ्या पोराशी लढताना जोर आवरायचा, त्याला पटाचा डाव करू द्यायचा, स्वतः खाली जायचे. टीकाकारांच्या यादीत हा रिवाज का नाही?

राहिली मॅट. ऑलिंपिकच्या कुस्तीत लढतीआधी आणि लढतीनंतर हस्तांदोलन असते; ज्युदोत वाकून अभिवादन करणे हा स्पर्धेच्या शिस्तीचाच भाग आहे. म्हणजे आधुनिक खेळाने शिष्टाचार टाकला नाही, नियमांत घेतला. आणि खाशाबा जाधव? मातीत घडलेला हा मल्ल 1948 साली लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला आणि 1952 साली हेलसिंकीत त्याने कांस्यपदक मिळवले. त्याला मॅटची आणि तिथल्या नियमांची सवय करून घ्यावी लागली. मातीला केलेला नमस्कार त्याच्या आड कुठे आला?

उरतो मारझोडीचा मुद्दा, आणि तो सर्वांत गंभीर. पोराला काठीने फोडणे, त्याच्याकडून घरची कामे करून घेणे, हा रिवाज नव्हे, रिवाजाचा भंग आहे. अंगात ताकद असलेल्याने ती आवरावी, ही तालमीची पहिली अट. ती वस्तादानेच मोडली तर गुन्हेगार तो. त्याच्यावर कारवाई करा, पोरांना निर्भयपणे बोलता येईल अशी जागा द्या, आईबापांना कधीही तालमीत येऊन सराव पाहू द्या. यांतल्या एकाही उपायासाठी सलामी बंद करावी लागते का, याचा निवाडा वाचकांनी करावा.