एका वर्षाचं प्रोबेशन

शुक्रवारी दिवसभर इंटरव्ह्यू घेत बसलो होतो. पॅनेलवर आम्ही तिघं, त्यातला सगळ्यात ज्युनियर मी. दुपारी एक मुलगी आली. कोड व्यवस्थित लिहिला, डेटाबेसच्या प्रश्नावर तर तिने मलाच गप्प केलं. रेझ्युमेमध्ये दोन वर्षांची गॅप, मूल लहान होतं म्हणून. ती बाहेर गेल्यावर पॅनेलवरचे एक सर म्हणाले, "चांगली आहे. पण आधी सहा महिने कॉन्ट्रॅक्टवर घेऊ. टिकते का बघू."

सकाळी एक मुलगा येऊन गेला होता. त्याचीही दोन वर्षांची गॅप, एमपीएससीच्या नादात गेलेली. त्याला थेट पर्मनंट! टिकतो का हे कुणी विचारलं नाही. दोन्ही वेळा मान डोलावणाऱ्यांत मी होतोच.

संध्याकाळी शिवाजीनगरहून मेट्रो पकडली. स्वारगेटला उतरून वर आलो, एसटीवाल्यांच्या आणि रिक्षावाल्यांच्या गलक्यात शिरलो, तरी ते "टिकते का बघू" काही डोक्यातून जाईना. कारण हे वाक्य मी आधी वाचलं होतं. शब्द वेगळे होते, साल होतं १९३३.

त्या वर्षी कमला भागवत ही मुलगी मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिली आली. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. वडील आणि काका दोघंही बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, शिकलेले केमिस्ट. साहजिकच कमलाबाईंनी तिथेच अर्ज केला. संचालक होते खुद्द सर सी. व्ही. रामन. नोबेल मिळून तीनच वर्षं झाली होती. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच, अर्जदार मुलगी आहे.

कमलाबाई गप्प बसल्या नाहीत. नकार का, हे त्या विचारत राहिल्या. शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही. गाइड सांगतील तेव्हा, अगदी रात्रीसुद्धा, काम करावं लागेल. आणि तिसरी अट, तिच्यामुळे प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये!

आता प्रोबेशन आपल्यालाही असतं, त्यात विशेष काय? विशेष हे, की आपल्या बॅचमधल्या सगळ्यांना ते सारखंच असतं. इथे ते फक्त एकीला होतं. पहिल्या दोन अटी निदान कामाबद्दल तरी होत्या. तिसरीत तर मुलांचं लक्ष विचलित झालं तर जबाबदार कोण, हेही आधीच ठरवून टाकलेलं. म्हणजे बग दुसऱ्याच्या मॉड्यूलमध्ये, आणि तिकीट हिच्या नावावर.

कमलाबाईंनी अटी मान्य केल्या आणि एम. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम केलं. वर्षभरात रामन यांचं समाधान झालं. त्यानंतर संस्थेचं दार इतर मुलींसाठीही उघडलं. १९३६ मध्ये एम.एस्सी. झालं, पुढे त्या केंब्रिजला गेल्या, वनस्पतींमधल्या सायटोक्रोम-सी वर काम केलं आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. गंमत बघा, त्या केंब्रिजनेसुद्धा स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने पूर्ण पदवी द्यायला १९४८ उजाडवलं. म्हणजे हा रोग काही फक्त आपल्याकडचा नव्हता. परत आल्यावर कमलाबाईंनी पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरेच्या पोषणमूल्यावर मोलाचं संशोधन केलं. पण १९३३ चा तो अपमान त्या विसरल्या नाहीत. म्हातारपणीही जाहीरपणे बोलून दाखवला.

गोष्ट इथे संपली तर छान प्रेरणादायी होते. हट्टी मुलगी, बंद दार, दार उघडलं, टाळ्या! पण त्याच दारातून पुढे आत गेलेल्या दुसऱ्या एका बाईंची गोष्ट सांगतो. त्या आपल्या पुण्याच्याही आहेत.

ॲना मणी. जन्म १९१८, केरळातल्या पीरमेडचा. १९४० मध्ये त्या स्कॉलरशिप घेऊन रामन यांच्या प्रयोगशाळेत आल्या. हिरे आणि माणकांच्या वर्णपटांवर काम. एकेका फोटोग्राफिक प्लेटला पंधरा-वीस तास एक्स्पोजर द्यावं लागे, त्यामुळे कित्येक रात्री प्रयोगशाळेतच जात. १९४२ ते ४५ या काळात त्यांचे पाच शोधनिबंध छापून आले, एकटीच्या नावावर. मग प्रबंध मद्रास विद्यापीठाला पाठवला. विद्यापीठाने पीएच.डी. नाकारली. का, तर एम.एस्सी. नाही! ऑनर्सची पदवी होती, संशोधन झालेलं होतं, छापून आलेलं होतं. पण फॉर्मचा एक रकाना रिकामा होता.

ही डिग्री त्यांना कधीच मिळाली नाही. त्या इंग्लंडला गेल्या, हवामानाच्या उपकरणांचं शिक्षण घेतलं आणि १९४८ मध्ये भारतीय हवामान खात्याच्या पुण्यातल्या उपकरण विभागात रुजू झाल्या. तेव्हा साधी उपकरणंही परदेशातून येत. मणीबाईंनी शंभरेक उपकरणांची ड्रॉइंग्ज प्रमाणित करून ती इथे बनवायला लावली. १९५३ पर्यंत त्या विभागप्रमुख झाल्या, हाताखाली शंभराहून जास्त पुरुष. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात सौर किरणं मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं त्यांनी देशभर उभारलं. त्यांनी गोळा केलेली आकडेवारी १९८० आणि ८१ साली ग्रंथरूपात आली, आणि भारतातल्या सौरऊर्जेच्या कामाचा तो पाया ठरला.

आपण बाई होतो म्हणून अन्याय झाला, असं कौतुक किंवा कीव मणीबाईंना अजिबात खपत नसे. त्यांच्या मते काम हे काम. मलाही आधी वाटलं, चला, त्यांनाच तक्रार नाही तर आपण कोण? पण मग लक्षात आलं, तक्रार न करणं हा त्यांचा मोठेपणा होता. त्याचा हिशोब व्यवस्थेच्या खात्यात जमा करता येत नाही.

या दोघी अफाट होत्या म्हणून टिकल्या. पण त्यांच्या बरोबरीची साधारण हुशार मुलं काहीही अफाट न करता आत होतीच की! आणि ज्या साधारण हुशार मुली त्या अटी वाचूनच परत फिरल्या असतील, त्यांची नोंद कुठे सापडणार? मुलीच्या जागी वेगळ्या आडनावाचा किंवा आडगावच्या कॉलेजचा मुलगा ठेवून बघा. "आपल्यात रुळेल का, बघू" हे वाक्य तसंच्या तसं बसतं.

रामन यांना वाईट माणूस ठरवायला हा लेख नाही. उलट भीती ती आहे. एवढा मोठा माणूस समोरची गुणवत्ता बघूनही अट घालू शकतो, तर एका पॅनेलवरच्या तिघांचं काय घेऊन बसलात?

असो. शनिवारी सकाळी मी एचआरला मेल टाकला आहे, पॅनेलवरच्या दोघांना कॉपी करून. दोन्ही उमेदवारांचे मार्क शेजारी शेजारी लिहिले आणि विचारलं की ऑफर वेगळी का? अजून उत्तर नाही. सोमवारी सर केबिनमध्ये बोलावतील बहुतेक. मान न डोलावण्याची प्रॅक्टिस करतोय.